झाडलेली फरशी

चिकटबाई हे नाव त्यांना कारखान्यात पडलं. बिस्किटांच्या डब्यांवर लेबलं चिकटवण्यात उभी हयात गेली आणि बोटांना खळीचा वास कायमचा बसला, हे एक कारण झालं. दुसरं कारण त्यांचा स्वभाव. बाई एखाद्या गोष्टीला धरून बसल्या की सुटायच्या नाहीत. पॅकिंगच्या हॉलमधला पंखा बंद पडला आणि मुकादम आज करतो, उद्या करतो म्हणून टोलवाटोलवी करायला लागला, तेव्हा बाईंनी भांडण केलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या त्याच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि उभ्या-उभ्याच आपला डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. शेवटी मुकादमाच्या घशाखाली घास उतरेना आणि पंखा फिरायला लागला. "लेबल सुटेल, पण ही बाई सुटायची नाही," असं तो म्हणाला. तेव्हापासून खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

कारखान्यात त्यांना आणलं ते दादानं, थोरल्या भावानं. आईबाप गेले तेव्हा बाई इतक्या लहान होत्या की आईचा चेहरा त्यांना आठवतो तो दादानं सांगितलेलाच. दादाला तरी कुठे मिसरूड फुटलं होतं? पण त्यानं भट्टीवर काम धरलं आणि बहिणीला वाढवलं. भट्टी म्हणजे लांबलचक लोखंडी बोगदा. त्यातून पोलादी पट्टा सरकत राहायचा. एका तोंडातून कच्ची बिस्किटं आत, दुसऱ्या तोंडातून भाजलेली बाहेर. बोगद्याच्या अंगाला तळहाताएवढी एक काच होती. त्या काचेतून बिस्किटांचा रंग बघायचा आणि आच कमी-जास्त करायची, हे दादाचं काम. त्यामुळे त्याच्या भुवया सदा करपलेल्या. "तुझ्या दादाच्या भुवया कुणी कुरतडल्या गं?" म्हणून मैत्रिणी चिडवायच्या.

दादा त्यांना 'बारके' म्हणायचा. बारकी डब्यांवर लेबलं लावायला लागली, बारकीचं लग्न झालं, बारकीला मुलगा झाला, तरी ती बारकीच राहिली. नवरा ट्रक चालवायचा. डोंगरातल्या एका वळणावर ट्रक गेला आणि तोही गेला. पाळण्यातलं पोर घेऊन बाई पुन्हा दादाच्या खोलीत आल्या, आणि दादानं दुसऱ्यांदा घर मांडल्यासारखं भाच्याला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. आधी म्हणायचा, बारकीचं मार्गी लागू दे. मग म्हणाला, भाच्याचं शिक्षण होऊ दे. त्यानंतर म्हणायला लागला, आता या भुवयांकडे बघून कोण येणार?

मग कारखान्याच्या फाटकावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली. ती दुरुस्ती काही झाली नाही. बायकांना घरी पाठवलं, पुरुष पांगले. दादाला तेवढं रखवालदार म्हणून ठेवलं. मुलाला मोठ्या शहरात एका दवाखान्यात एक्सरे काढायची नोकरी लागली तेव्हा बाई त्याच्याबरोबर गेल्या. दादा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी कारखान्याला सोडून कसा येऊ? मालक कधीही चालू करतील."

वर्षभरानं त्याचा फोन आला. बंदराच्या गावी एका मोठ्या बेकरीत आपल्याला भट्टीचा मुख्य नेमलंय, राहायला खोली दिलीय, जेवण झकास आहे, असं त्यानं सांगितलं. दर महिन्याला कुठल्याशा दुकानातून फोन यायचा. भाच्याच्या लग्नाला मात्र त्याला रजा मिळाली नाही. पुढच्या रांगेतली एक खुर्ची बाईंनी शेवटपर्यंत कुणाला बसायला दिली नाही. त्यानंतर फोन विरळ झाले आणि एक दिवस थांबले. मुलगा बंदराच्या गावी गेला. गल्ल्या पालथ्या घातल्या, बेकऱ्या धुंडाळल्या, पोलिसांत नोंद केली. तशी बेकरीच तिथे नव्हती. कधीच नव्हती. मुलगा परत आला तो तोंड शिवूनच.

"मामानं आपल्याला फसवलं," एवढंच तो म्हणाला. "त्याला आपण नको होतो. विषय संपला."

घरात तो विषय खरंच संपला. चिकटबाईंच्या मनात सोडून.

सून फोटो काढायची. पोटापाण्यासाठी लग्नाबारशाचे, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हौसेसाठी ओस पडलेल्या इमारतींचे. बंद शाळा, छप्पर उडालेली गोदामं, गंजलेलं थिएटर. चिकटबाईंना मजा वाटायची. "आमच्या घरात दोघेही फोटोच काढतात," त्या शेजारणीला सांगायच्या. "एक मोडक्या हाडांचे, एक मोडक्या घरांचे." आता शहरातल्या वाचनालयाच्या दालनात सुनेच्या फोटोंचं प्रदर्शन भरायचं होतं. घरभर फोटोच फोटो झाले होते.

एका संध्याकाळी सून म्हणाली, "आई, इकडे या. तुमच्यासाठी एक गंमत आणलीय."

पलंगावर तिनं नवे फोटो मांडले होते. चिकटबाईंनी चष्मा लावला आणि पहिला फोटो उचलला.

"हे तर... आमचं हात धुवायचं ठिकाण!"

"मुद्दाम गेले होते," सून खूश होऊन म्हणाली. "तुम्ही इतकं सांगता ना, म्हणून. मागच्या भिंतीला भगदाड आहे, त्यातून आत शिरले. दिवसभर होते."

नळांची लांब रांग होती. एकाही नळाला तोटी नव्हती. पण बाईंना पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. शेवटच्या नळाशी त्या आणि एक मैत्रीण मुद्दाम रेंगाळायच्या, कारण तिथून ट्रक उभे राहायची जागा दिसायची, आणि एका ट्रकवाल्याला बघायचं असायचं. पुढचा फोटो पॅकिंगच्या हॉलचा. पत्रे उडालेले, जमिनीवर उन्हाचे चौकोन, कोपऱ्यात एक रोपटं उगवलेलं. इथे या खांबाशी त्यांची जागा. एकदा याच खांबाला टेकून त्या ढसाढसा रडल्या होत्या आणि सगळ्या बायका त्यांच्याभोवती पाठ करून उभ्या राहिल्या होत्या, मुकादमाला दिसू नये म्हणून. नवरा गेल्यानंतर कामावर आलेला तो पहिला दिवस होता. खांबाचा रंग तोच होता. हातभर उंचीपर्यंत हिरवा, वर पिवळा.

"आई, रडताय? मी चुकीचं केलं का?"

"नाही गं. दाखव पुढचा."

पुढचा फोटो भट्टीच्या हॉलचा होता. बोगदा तसाच होता. गंजून लाल झालेला, पण तोच. चिकटबाई बराच वेळ बघत राहिल्या. आधी त्यांना नुसतंच काहीतरी खटकलं. सगळ्या फोटोंत धूळ होती, काचांचे तुकडे होते, कबुतरांची घाण होती. या फोटोत भट्टीसमोरची फरशी लख्ख होती. कुणीतरी ती झाडली होती. त्याच दिवशी झाडलेली, नीट, कडेकडेनं.

"इथे तू झाडलंस का, फोटोसाठी?"

"छे हो. मी कशालाच हात लावत नाही. जसं असतं तसंच काढते." सून वाकून बघायला लागली. "अगं बाई, खरंच की. माझ्या लक्षातच नाही आलं."

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. कारखान्यातल्या यच्चयावत काचा मळानं आंधळ्या झाल्या होत्या. पण बोगद्याच्या अंगाची ती तळहाताएवढी काच चमकत होती. पुसलेली होती. फरशी कुणीही झाडेल, आडोशाला राहणारा कुणीही भिकारीसुद्धा. पण विझलेल्या भट्टीची काच कोण पुसेल? दादा पाळीवर आला की आधी ती काच पुसायचा आणि जाताना शेवटची तीच पुसायचा.

"दादा तिथे आहे," चिकटबाई म्हणाल्या.

सून भराभर दुसरे फोटो चाळत होती. त्याच हॉलचा तिनं दुपारी पुन्हा एक फोटो काढला होता, उजेड बदलला म्हणून. तिनं दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि एकावर बोट टेकवलं.

"आई... सकाळच्या फोटोत खांबाजवळ बादली आहे. दुपारच्या फोटोत ती नाही."

चिकटबाईंनी दोन्ही फोटो दिव्याखाली धरले.

"मी तिथे एकटी होते," सून हळूच म्हणाली. "दिवसभर. आणि कुणीतरी माझ्या मागे होतं."

मुलगा घरी आला तेव्हा घरात नुसता तणाव होता. त्यानं फोटो बघितले, बायकोचं ऐकलं, आणि आधी तिच्यावरच भडकला. "किती वेळा सांगितलं, एकटी जात जाऊ नकोस म्हणून! कुणी गर्दुल्ला असेल, चोर असेल. काही झालं असतं तर?"

"तो दादा आहे," चिकटबाई म्हणाल्या.

"आई, पुसलेल्या काचेवरून?"

"हो."

"तुझा दादा बंदरावर मजेत आहे. किंवा जिथे असेल तिथे. त्याला आपलं तोंड बघायचं नाही, एवढं तुला अजून कळत नाही का?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "उद्या मी तिथल्या पोलीस चौकीत कळवतो. ते बघतील कोण आहे ते. पण तुम्ही दोघींनी त्या जागेकडे फिरकायचं नाही."

बाईंना पोलीस एवढाच शब्द ऐकू आला. दादाचा अख्खा जन्म मान ताठ ठेवण्यात गेला होता. त्याला कॉलर धरून कुणी त्या भगदाडातून बाहेर ओढतंय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

सकाळी मुलगा कामावर गेला आणि चिकटबाई पायात चपला सरकवून दाराशी उभ्या राहिल्या. "मला नुसतं ते भगदाड कुठे आहे ते सांग. मी जाते."

सुनेला भीती वाटत होती आणि तिनं ती लपवली नाही. "तो मामा नसला तर, आई?"

"तर परत येऊ."

"आणि येऊ दिलं नाही तर?"

बाई दारातून हलल्या नाहीत. शेवटी सुनेनं बॅटरी घेतली आणि कुलूप लावलं.

बसमध्ये दोघी फारसं बोलल्या नाहीत. फाटकावरची पाटी केव्हाच गळून पडली होती. त्या जागी नवा फलक होता: ही इमारत पाडण्यात येणार आहे, आत प्रवेश करू नये. मागच्या बाजूला झुडपांतून वाट होती. ती नीट बघितल्यावर बाईंना कळलं की ती रोजच्या पायांनी पडलेली वाट आहे.

आत शिरल्याबरोबर कबुतरं फडफडली आणि सुनेनं बाईंचा दंड घट्ट धरला. हॉलमध्ये गारवा होता. या हॉलमध्ये कधी गारवा असू शकतो हेच बाईंना खरं वाटेना. त्यांनी भट्टीला हात लावला. लोखंड थंडगार होतं.

"दादा!" त्यांनी हाक मारली. आवाज पत्र्यांवर आपटून परत आला. "दादा, मी आहे!"

कुणी ओ दिली नाही.

विजेच्या मुख्य बटणांची एक छोटी खोली भट्टीमागे होती. तिचं दार लोटलेलं होतं. सुनेनं बॅटरी मारली. पिठाच्या रिकाम्या पोत्यांची गादी, घडी घातलेली चादर, भिंतीला दाढीचा आरसा, आणि ती बादली. स्टोव्हशेजारी पेला होता. सुनेनं त्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"चहा गरम आहे," ती कुजबुजली. "आई, चला. आत्ताच्या आत्ता चला. तो इथेच आहे आणि आपल्याला बघतोय."

तेवढ्यात डोक्यावर फळी करकरली.

वर चाळणघर होतं. पिठाच्या मोठ्या चाळण्या तिथे असायच्या आणि वर जायला लोखंडी कठडा असलेला लाकडी जिना होता. चिकटबाई जिन्याकडे निघाल्या. सुनेनं आडवं होऊन त्यांना अडवलं. "लाकूड सडलंय, आई! मी परवा पाय ठेवायचं धाडस केलं नाही!"

"तो चढला ना?"

"त्याला ठाऊक असेल कुठे पाय ठेवायचा!"

बाईंनी तिला हळूच बाजूला केलं. भिंतीला धरून, कडेकडेनं त्या चढायला लागल्या. निम्मा जिना पार झाला. "दादा, पोलीस यायच्या आत खाली ये," त्या वर बघत म्हणाल्या. "मी तुला न्यायला आलेय, तुला पकडून द्यायला नाही." आणखी वर गेल्या. मग पायाखालची पायरी कड्कन गेली.

पुढचं इतकं झटकन झालं की सुनेला नुसती स्वतःची किंकाळी ऐकू आली. बाई कठड्याला धरून लोंबकळत होत्या, आणि गंजलेला कठडा भिंतीतून इंचाइंचानं सुटत होता. खाली यंत्रांचे लोखंडी सांगाडे होते. सून हात वर करून उड्या मारत होती, पण तिचा हात पोचत नव्हता.

वरच्या काळोखातून एक माणूस पोटावर घसरत आला. दोन हात खाली आले आणि त्यांनी बाईंचं मनगट पकडलं.

"हात सोडू नकोस, बारके."

आवाज खरखरीत झाला होता, पण तोच होता. बाईंनी वर बघितलं. पांढरी दाढी, खोल गेलेले डोळे, आणि पूर्ण वाढलेल्या, दाट, पांढऱ्या भुवया. क्षणभर त्यांना ओळख पटेना.

"ए मुली," तो माणूस सुनेवर ओरडला, "भिंतीशी गाडा आहे, पोती आहेत त्यावर! हिच्या खाली आण, लवकर! मला फार वेळ जमायचं नाही!"

गाड्याची चाकं गंजली होती. सुनेनं खांदा लावून तो ढकलला, अडला, पुन्हा ढकलला. कठडा एका बाजूनं निसटून खाली पडला आणि सबंध हॉल दणाणला. दादाच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या होत्या. गाडा खाली आला तसं त्यानं बाईंना शक्य तेवढं खाली सोडलं आणि म्हणाला, "आता सोडतोय." बाई पोत्यांवर पडल्या. धूळ उडाली. डावा पाय वाकडा पडला होता आणि त्या कण्हत होत्या, पण डोकं शाबूत होतं.

दादा दुसऱ्या बाजूनं, मालवाहू साखळीला धरून खाली उतरला. दम खात उभा राहिला. आणि मग बहिणीवर खेकसला.

"अक्कल आहे का? या वयात जिने चढतेस? कुणी बोलावलं होतं तुला?"

"तू ओ का दिली नाहीस?"

"मला कुणाला भेटायचं नव्हतं!"

"मग हात कशाला दिलास? पडू द्यायचं होतंस!"

दादा खाली बसला आणि बाईंच्या पायाची सूज चाचपायला लागला. मग सुनेकडे न बघता म्हणाला, "परवा आली होती ती हीच ना? मी चाळणीमागे बसून होतो. श्वास सोडायची चोरी. ही बया काही जाईचना."

"आणि बादली?" सुनेनं विचारलं.

"माझी पाण्याची बादली होती. तू उचलून नेली असतीस तर?"

सुनेला हसू आलं, आणि त्याबरोबरच रडूही. "मामा," ती म्हणाली, "मी तुमच्या भाच्याची बायको."

दादानं तिच्याकडे प्रथमच नीट बघितलं. मग मान खाली घातली.

थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. रखवालदारीचा पगार थांबला, मालक वारले, पण 'तू जा' असं कुणी सांगायला आलं नाही. खोली आधीच सुटली होती. सकाळी भाजीबाजारात पोती उतरवायची आणि इथे येऊन झोपायचं. बंदर, बेकरी, झकास जेवण, सगळं त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानात उभं राहून रचलं होतं. पुढे दुकानही बंद झालं.

"सरळ घरी यायचं होतंस," बाई म्हणाल्या.

"आणि काय सांगायचं होतं?"

तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. भगदाडातून आधी काठी आत आली, मग शिपाई, आणि त्याच्यामागे मुलगा. दुपारी घरी फोन केला, कुणी उचलला नाही, तेव्हाच तो समजून चुकला होता. आईला पोत्यांवर आडवं पडलेलं बघून तो धावला. शिपायानं मात्र दादालाच हेरलं.

"हाच का तो? ए, ऊठ. चल चौकीवर. फलक वाचता येत नाही?"

दादा उठला. काही न बोलता त्यानं अंगावरचा शर्ट नीट केला. बाई काही बोलायला गेल्या तर त्यानं हातानंच गप्प केलं. शिपायानं त्याच्या दंडाला धरलं आणि मुलाकडे वळून विचारलं, "या माणसाला ओळखता का तुम्ही?"

मुलगा मामाकडे बघत होता. बघण्यात इतका वेळ गेला की सुनेनं पुढे होऊन नवऱ्याचा हात धरला.

"ओळखतो," मुलगा शेवटी म्हणाला. "मामा आहे माझा. सोडा त्याला. मी त्याला घरी न्यायला आलोय."

शिपायानं एकदा या म्हाताऱ्याकडे, एकदा त्या म्हातारीच्या सुजलेल्या पायाकडे बघितलं आणि हात काढला. "मग न्या. पुन्हा इथे दिसला तर मात्र ऐकून घेणार नाही."

त्या संध्याकाळी मुलानं आपल्याच दवाखान्यात आईच्या घोट्याचा एक्सरे काढला. हाड चिरलं होतं. मामाशी तो एक अक्षर बोलला नाही. घरी पोचल्यावर बाहेरच्या खोलीत त्याचं अंथरूण घातलं, तेही न बोलता.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. दादा घरात पाहुण्यासारखा नाही, अपराध्यासारखा वावरायचा. स्वतःचं ताट स्वतः घासायचा, मागून घ्यायचा नाही. मुलगा आला की उठून गॅलरीत जायचा. चिकटबाई पाय प्लास्टरमध्ये घालून पलंगावर पडलेल्या, दोघांच्या मधल्या त्या शांततेकडे कान लावून. रोज सकाळी जाग आली की त्या आधी बाहेरच्या खोलीतल्या खोकल्याची वाट बघायच्या. खोकला आला की श्वास सोडायच्या.

एका रविवारी जेवताना ते फुटलं. सुनेनं मामाला आणखी वाढायला घेतलं आणि त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"बस झालं हे!" मुलगा ओरडला. "मी त्या बंदरावर वेड्यासारखा फिरलो. प्रत्येक बेकरीत, प्रत्येक शवागारात. शवागारात, मामा! चादर बाजूला करायचे आणि मी डोळे मिटायचो. आणि तू इथे फरशा झाडत बसला होतास!"

शवागाराचं त्यानं आजवर आईलाही सांगितलं नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही विसराल," दादा म्हणाला. "आयुष्यभर हा हात देता राहिला रे. तो उलटा करून पुढे धरायला जमेना."

"मी लहान असताना तू मला भरवलंस, तेव्हा माझा हात उलटाच होता ना? तेव्हा मला लाज वाटायला हवी होती?"

दादानं ताटावरचा हात काढून घेतला, आणि सुनेनं वाढलं.

तरीही चिकटबाईंच्या मनातली धास्ती गेली नाही. आणि प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात, एका सकाळी, खोकला आला नाही. त्या वाट बघत राहिल्या. मग उठल्या. बाहेरच्या खोलीत अंथरुणाची घडी घातलेली होती, चपला नव्हत्या, दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. सुनेला हाक मारायचंही बाईंना सुचलं नाही. अनवाणी, भिंतीला धरून, एक एक पायरी उतरत त्या खाली गेल्या. फाटकाशी कुणी नव्हतं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

इमारतीच्या मागून आवाज येत होता. त्या वळसा घालून गेल्या. पाण्याचा पंप उघडून त्याच्यासमोर दोघे उकिडवे बसले होते, मुलगा आणि मामा. इमारतीचं पाणी आलं नव्हतं.

"अरे, जोर लावू नकोस, आटे जातील! आधी तेल सोड," मामा म्हणत होता.

"मामा, मला कळतं."

"काय कळतं? माणसांची हाडं कळतात तुला. यंत्राची निराळी असतात. धर इकडे."

चिकटबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मुलानं मान वळवून बघितलं.

"आई, तू इथे काय करतेस? अनवाणी?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "पाणी कधी येणार ते विचारायला आले होते."

"येईल," दादा पान्ह्यावरची नजर न काढता म्हणाला. "वर जा, बारके. आणि चहा टाक. तिघांचा."